गोल झाला, मग नाही झाला: व्हीएआर नेमकं काय मोजतं आणि काय ठरवतं

१७ एप्रिल २०१९. मँचेस्टरच्या एतिहाद स्टेडियमवर नव्वद मिनिटं उलटून गेली होती आणि भरपाई वेळेतलं तिसरं मिनिट चालू होतं. टॉटनहॅमच्या ख्रिस्टियन एरिक्सनने चेंडू मागे, आपल्याच माणसांकडे ढकलला. वाटेत तो एका पायाला लागला, वळला आणि मँचेस्टर सिटीच्या सर्जिओ अग्वेरोपाशी गेला. अग्वेरोने तो रहीम स्टर्लिंगकडे दिला आणि स्टर्लिंगने जाळ्यात मारला. स्टेडियम अक्षरशः फुटलं. सिटीचे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला रेषेच्या कडेने उड्या मारत धावत सुटले. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. एका कोपऱ्यात बसलेले टॉटनहॅमचे पाठीराखे डोक्याला हात लावून खाली बसले.

मग तुर्कस्तानचे पंच जुनेत चाकिर यांचं बोट कानाकडे गेलं. काही क्षणांनी गोल रद्द झाला. ग्वार्डिओला गुडघ्यांवर आले आणि आता तो कोपरा वेड्यासारखा नाचू लागला.

फुटबॉल पाहणाऱ्या कुणालाही विचारा, व्हीएआर म्हटलं की ही रात्र आठवतेच. पण मला ती आठवते ती वेगळ्या कारणासाठी. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून मैदानावरच्या पंचाला मदत करणारा सहायक पंच, हा प्रकार समजून घ्यायचा असेल तर या एका सामन्यात सगळं आहे. त्या रात्री व्हीएआरने दोन मोठे निर्णय हाताळले आणि ते दोन पूर्णपणे वेगळ्या जातीचे होते. एकात मोजमाप होतं, दुसऱ्यात मत होतं. आपण प्रेक्षक मात्र दोन्हींवर एकाच दमात चिडतो किंवा दोन्हींचं एकाच दमात कौतुक करतो. बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

आधी त्या रात्रीचं गणित. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी होती. बाद फेरीत दोन संघ एकमेकांशी दोनदा खेळतात, एकदा याच्या मैदानावर, एकदा त्याच्या, आणि दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र मोजले जातात. पहिला सामना टॉटनहॅमने घरी, लंडनमध्ये, १-० असा जिंकला होता. परतीच्या सामन्यात पहिल्या २१ मिनिटांतच पाच गोल पडले. स्टर्लिंग, मग सॉन ह्युंग-मिन, पुन्हा सॉन, बर्नार्दो सिल्वा, पुन्हा स्टर्लिंग. ५९व्या मिनिटाला अग्वेरोने सिटीला ४-२ वर नेलं, म्हणजे दोन्ही सामने मिळून ४-३. सिटी पुढे जाणार असं दिसत होतं. ७३व्या मिनिटाला टॉटनहॅमच्या फर्नांडो योरेंतेने गोल केला. एकूण ४-४.

बरोबरी झाली तर काय? तेव्हा नियम होता की परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त, तो पुढे. टॉटनहॅमने एतिहादवर तीन गोल केले होते, सिटीने लंडनमध्ये एकही नाही. म्हणून टॉटनहॅम पुढे. हा नियम युरोपच्या स्पर्धांमध्ये १९६५ पासून होता आणि २०२१ मध्ये युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने तो काढून टाकला. त्या रात्री मात्र तो जिवंत होता, म्हणूनच शेवटच्या मिनिटातल्या स्टर्लिंगच्या गोलाला एवढी किंमत होती. तो मान्य झाला असता तर एकूण ५-४, सिटी उपांत्य फेरीत. तो रद्द झाला, सिटी घरी.

अग्वेरोचा ऑफसाइड: तीन प्रश्न

ऑफसाइड म्हटलं की अनेक जण नजर चोरतात, पण नियम दिसतो तेवढा अवघड नाही. आपल्या साथीदाराचा चेंडूला स्पर्श होतो त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असाल, आणि चेंडू व प्रतिस्पर्ध्याचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांपेक्षाही गोलरेषेच्या जवळ असाल, तर तुम्ही ऑफसाइड जागी उभे आहात. शेवटून पहिला बहुतेक वेळा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटचा बचावपटू ही हद्द ठरते. नुसतं तिथे उभं राहणं गुन्हा नाही. तिथून खेळात भाग घेतला तर गुन्हा. हात आणि दंड मोजत नाहीत, कारण हातांनी गोल करता येत नाही. डोकं, धड, पाय, जे काही गोल करू शकतं ते सगळं मोजतात.

आता त्या क्षणाकडे या. चेंडू कुणी मारला होता? टॉटनहॅमच्या एरिक्सनने. प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून खेळलेला चेंडू तुमच्याकडे आला, तर तुम्ही ऑफसाइड ठरत नाही. म्हणजे चेंडू एरिक्सनकडून थेट अग्वेरोकडे गेला असता, तर अग्वेरो कितीही पुढे उभा असता तरी गोल वैध होता. सिटीचे पाठीराखे नाचत होते तेव्हा कित्येकांच्या डोक्यात हेच असणार. चूक त्यांची होती, आपण फायदा घेतला, यात ऑफसाइड कुठून आला?

पण वाटेत चेंडू ज्या पायाला लागला, तो सिटीच्याच बर्नार्दो सिल्वाचा होता. आणि इथे नियमात एक असमानता आहे, जी कुणी समजावून सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. प्रतिस्पर्ध्याने चेंडू मुद्दाम खेळलेला असावा लागतो, साथीदाराचा मात्र नुसता स्पर्श पुरतो. सिल्वाने पास दिला नव्हता, चेंडू त्याच्या पायावर आदळला होता. तरीही तो साथीदाराचा स्पर्श धरला जातो आणि घड्याळ त्या क्षणाला थांबतं. त्या क्षणी अग्वेरो शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता.

म्हणजे खोलीत बसलेल्या व्हिडिओ पंचाने तीन प्रश्नांची उत्तरं शोधली. चेंडूला शेवटचा स्पर्श कुणाचा? त्या स्पर्शाचा क्षण नेमका कोणता? त्या क्षणी अग्वेरो कुठे होता? तिन्हींची उत्तरं चित्रात सापडतात. कुणाच्या मनात काय होतं हे विचारावं लागत नाही. म्हणून अशा निर्णयासाठी मैदानावरच्या पंचाला पडद्यापाशी जाऊन पाहण्याचीही गरज नसते. कानात सांगितलं जातं, पंच निर्णय बदलतो.

मग रेषेवरच्या सहायक पंचाने आधीच झेंडा का वर केला नाही? पूर्वी करायचे. आता गोलची खरी संधी दिसत असेल आणि शंका थोडीशीच असेल, तर झेंडा थांबवून धरायला सांगितलेलं आहे. कारण झेंडा चुकून वर गेला आणि पंचाने शिट्टी वाजवली, तर तो हल्ला कायमचा मेला. चित्र नंतर कितीही स्पष्ट दिसलं तरी न झालेला गोल देता येत नाही. आधी खेळू द्या, मग तपासा, असा हा क्रम. तर्क बरोबर आहे. त्याची किंमत मात्र प्रेक्षकाने मोजायची असते. आनंद आधी होऊ द्यायचा आणि मग तो परत मागायचा.

योरेंतेचा गोल: इथे टेप चालत नाही

७३व्या मिनिटाचा प्रसंग वेगळा होता. कॉर्नरवरून, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवरून, चेंडू आला. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड लागत नाही, तेव्हा तो प्रश्नच नव्हता. चेंडू योरेंतेच्या अंगावर आदळून आत गेला. कमरेच्या हाडाला लागला, हे दिसत होतं. त्याआधी हाताला चाटून गेला का? काही कोनांतून तसं वाटत होतं, काहींतून नाही. चाकिर मैदानाकडेच्या पडद्यापाशी गेले, चित्रं पुन्हा पाहिली आणि गोल कायम ठेवला.

हा निर्णय समजून घ्यायचा तर तेव्हाचा हँडबॉलचा, म्हणजे चेंडूला हात लागण्याचा, नियम आठवायला हवा. २०१८-१९ च्या हंगामात हात लागणं हा गुन्हा नव्हता, हात मुद्दाम लावणं हा गुन्हा होता. योरेंते हवेत, दोन माणसांच्या गर्दीत, चेंडू जवळून आलेला. हाताला लागला असं गृहीत धरलं तरी तो मुद्दाम होता म्हणणं कठीण. म्हणजे स्पर्श झाला की नाही हा चित्राचा प्रश्न होता, पण मुद्दाम झाला का, हा माणसाच्या मनाचा प्रश्न होता आणि तो कुठल्याही कॅमेऱ्यात दिसत नाही.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट सिटीच्या पाठीराख्यांना नंतर कळली असेल. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅब या संस्थेने त्याच वर्षी २ मार्चला स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनच्या बैठकीत हँडबॉलचा नियम बदलला होता. हाताला किंवा दंडाला लागून गोल झाला, चुकून का होईना, तर तो गोल नाही. हा बदल लागू होणार होता १ जूनपासून. सामना होता १७ एप्रिलला. मंजूर झालेला पण अजून अमलात न आलेला नियम आणि मंजुरी व अंमलबजावणीच्या मधल्या तीन महिन्यांत पडलेला एक गोल.

पंचाला पडद्याकडे केव्हा पाठवतात

व्हीएआर प्रत्येक गोष्टीत नाक खुपसत नाही. ते नियमांत आलं तेव्हा त्याला फक्त चार दारांतून आत येता यायचं: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि कार्ड चुकीच्या खेळाडूला दाखवलं गेलं तर. त्याची कसोटीही ठरलेली आहे. मैदानावरच्या पंचाची चूक ढळढळीत आणि उघड असली पाहिजे, किंवा काही गंभीर घडलेलं त्याच्या नजरेतून पूर्ण सुटलं असलं पाहिजे. मार्च २०१८ मध्ये झुरिकमध्ये आयफॅबने व्हीएआरला नियमांत जागा दिली आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात ते जगभर दिसलं. हस्तक्षेप कमीत कमी, फायदा जास्तीत जास्त, हे त्यामागचं सूत्र होतं.

बहुतेक लोक विचारतात, हा निर्णय बरोबर आहे का? व्हिडिओ पंच मात्र विचारतो, हा निर्णय उघडपणे चुकीचा आहे का? या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धक्का लागला, पण हलका. पंचाने पेनल्टी दिली. व्हिडिओ पंच म्हणतो, मी दिली नसती, पण दिली ती साफ चूकही नाही. निर्णय कायम. दुसऱ्या दिवशी तसाच धक्का दुसऱ्या सामन्यात लागतो. पंच पेनल्टी देत नाही. व्हिडिओ पंच तेच म्हणतो. निर्णय पुन्हा कायम. सारखे दोन धक्के, उलटे दोन निकाल, आणि यंत्रणा दोन्ही वेळा स्वतःच्या नियमाप्रमाणे अचूक वागलेली. काल यांना दिली, आज आम्हाला का नाही, हा आक्रोश इथून उठतो. पाठीराखे इथे मूर्खपणा करत नाहीत. त्यांना खरी विसंगती दिसते आहे, फक्त तिचं मूळ पक्षपातात नसून नियमाच्या रचनेत आहे.

ऑफसाइडला ही कसोटी लागत नाही. तिथे उघड चूक वगैरे काही नाही. इंचभर पुढे असो की हातभर, पुढे म्हणजे पुढे. त्यामुळे एकाच पाच मिनिटांत एकीकडे नखाएवढ्या अंतरासाठी गोल रद्द होतो आणि दुसरीकडे पायात पाय घालून पाडलेल्या खेळाडूला काही मिळत नाही. दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला हा अन्यायच वाटणार.

नखाएवढं अंतर मोजता येतं का

थोडं थांबून हे बघूच. कॅमेरा सलग चित्रण करत नाही, तो एकापाठोपाठ एक स्थिर चित्रं घेतो. सेकंदाला ५० चित्रं धरली, तर दोन चित्रांमध्ये दोन शतांश सेकंदाचं अंतर. पूर्ण वेगात, ताशी ३६ किलोमीटरने पळणारा आक्रमक सेकंदाला १० मीटर जातो. म्हणजे दोन शतांश सेकंदात २० सेंटीमीटर. जवळजवळ एक वीत. त्याच वेळी बचावपटू त्याला सापळ्यात पकडायला उलट्या दिशेने पाऊल टाकत असेल, तर फरक आणखी वाढतो. आणि पायाचा चेंडूला पहिला स्पर्श नेमका कधी झाला? तो क्षण या चित्रात की पुढच्या? बऱ्याचदा तो दोन चित्रांच्या मधल्या फटीत असतो, जिथे कॅमेरा होताच कुठे?

दुसरी अडचण जागेची. खांदा हवेत असतो, रेषा जमिनीवर. खांद्याचा बिंदू जमिनीवर नेमका कुठे उतरतो, हे काढावं लागतं, गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसं. तो बिंदू माणूस पडद्यावर टिचकी मारून निवडायचा. बाहीची शिवण नेमकी कुठे संपते यावर विश्वचषकाचं तिकीट अवलंबून, अशी वेळ येते. शेवटी २०२० मध्ये नियमात लिहावं लागलं की दंड काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेपासून सुरू होतो.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१-२२ पासून यावर एक शहाणा तोडगा काढला. पडद्यावरच्या रेषा जाड केल्या. आक्रमकाची आणि बचावपटूची रेषा एकमेकींवर चढली तर आक्रमकाला ऑनसाइड धरायचं. आपलं मोजमाप कुठपर्यंत विश्वासाचं आहे, याची ही कबुली होती आणि मला ती फार प्रामाणिक वाटली.

२०२२ च्या कतारमधल्या विश्वचषकात आणखी पुढचं पाऊल पडलं. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा. शिवाय चेंडूच्या पोटात एक सेन्सर, जो सेकंदाला ५०० वेळा आपली खबर पाठवत होता. स्पर्शाचा क्षण शोधण्याची अडचण यामुळे बरीच सुटली. पहिल्याच सामन्यात, पहिल्याच काही मिनिटांत इक्वेडोरच्या एनर वालेन्सियाचा गोल यानेच रद्द केला. दोन दिवसांनी सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे तीन गोल पूर्वार्धातच ऑफसाइड ठरले आणि तो सामना सौदीने २-१ असा जिंकला. प्रेक्षकांना संगणकाने बनवलेलं त्रिमितीय चित्र दाखवलं गेलं. वाद झाले, पण चित्र खोटं आहे असं फारसं कुणी म्हणालं नाही.

मोजमाप अचूक झालं की राग संपतो का? इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री सिटीच्या पाठीराख्यांना विचारा. २१ एप्रिल २०२४, वेम्बली, एफए कपची उपांत्य फेरी. दुसऱ्या श्रेणीतला हा संघ मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ०-३ ने मागे होता. तिथून त्यांनी ३-३ केलं. अतिरिक्त वेळेच्या अगदी शेवटी व्हिक्टर टॉर्पने चौथा गोल मारला. असा दिवस एखाद्या क्लबच्या आयुष्यात एकदा येतो. बाप लेकीला खांद्यावर घेतो, म्हातारे डोळे पुसतात. आणि मग पडद्यावर रेषा येतात. हल्ल्याच्या सुरुवातीला हाजी राइटच्या बुटाचं टोक पुढे होतं. गोल रद्द, सामना पेनल्ट्यांवर, युनायटेड पुढे. हातातोंडाशी आलेला घास गेला. निर्णय नियमाप्रमाणे होता, पण ऑफसाइडचा नियम ज्यासाठी बनला, म्हणजे गोलपाशी आयता दबा धरून बसणाऱ्याला रोखण्यासाठी, त्याच्याशी त्या बुटाच्या टोकाचा काय संबंध होता, हे मला आजही कळत नाही. फिफामध्ये काम करणारे आर्सेन वेंगर म्हणूनच सुचवत आले आहेत की आक्रमकाच्या शरीराचा गोल करू शकणारा कुठलाही भाग बचावपटूच्या रेषेत असेल तर त्याला ऑनसाइड धरा. सीमारेषा कुठेही सरकवली तरी नखाएवढे वाद राहणारच. पण वेंगर म्हणतात त्या रेषेवर ते गोलच्या बाजूने सुटतील.

पूर्वीचं सगळं चांगलं होतं का

नाही. हे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण राग आला की आपण विसरतो. १९८६ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात मॅराडोनाने हाताने गोल केला आणि इंग्लंड बाहेर पडलं. नोव्हेंबर २००९ मध्ये फ्रान्सच्या तिएरी आन्रीने हाताने चेंडू सावरला, विल्यम गालासने गोल केला, आणि आयर्लंडचं दक्षिण आफ्रिकेच्या विश्वचषकाचं तिकीट गेलं. पुढच्याच जूनमध्ये त्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका गोलरेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला. साऱ्या जगाने तो पाहिला, पंचांनी नाही.

हे तिन्ही प्रसंग बाद होण्याच्या सामन्यांतले आहेत. प्रीमियर लीगसारख्या साखळी स्पर्धेत ३८ सामने असतात. आज चुकीची पेनल्टी आपल्या विरुद्ध गेली, महिनाभराने एखादी आपल्या बाजूने जाते. बाद फेरीत अशी भरपाई नाही. एक शिट्टी आणि चार वर्षांची वाट. म्हणून व्हीएआरची खरी गरज बाद फेरीला आहे आणि त्याचा सगळ्यात जिव्हारी लागणारा घावही बाद फेरीतच बसतो.

शिवाय व्हीएआर फक्त हिरावत नाही, देतंही. सिटीच्या त्या रात्रीच्या सहा आठवडे आधी, ६ मार्च २०१९ ला पॅरिसमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्ध मँचेस्टर युनायटेडला भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली. डिओगो दालोचा फटका प्रेस्नेल किम्पेम्बेच्या हाताला लागला होता. पंचांनी आधी कॉर्नर दिला होता. पडद्यावर पाहून निर्णय बदलला, मार्कस रॅशफोर्डने गोल केला, युनायटेड पुढे, पॅरिस बाहेर. युनायटेडच्या माणसाला व्हीएआर म्हणजे न्याय, पॅरिसच्या माणसाला दरोडा.

कानात काय बोललं जातं

यंत्र अचूक झालं तरी मधे माणसंच असतात. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला, रेषेवरच्या पंचाने ऑफसाइडचा झेंडा दाखवला. व्हिडिओ खोलीत तपासलं, डियाझ ऑनसाइड होता. पण तपासणाऱ्या पंचाला वाटलं की मैदानावर गोल दिलेला आहे. म्हणून त्याने कळवलं, तपास पूर्ण. म्हणजे तुमचा निर्णय बरोबर. मैदानावरचा निर्णय तर ऑफसाइडचा होता! फ्री किक घेतली गेली, खेळ सुरू झाला. खोलीतल्या लोकांना काही सेकंदांतच चूक कळली, पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाऊन गोल देता येत नाही, असा नियम. सगळं मोजमाप बरोबर, संवाद चुकला. पुढे त्या संवादाचं ध्वनिमुद्रण लोकांसमोर आणलं गेलं. लाखो लोकांनी ते ऐकलं आणि कित्येकांना पहिल्यांदाच कळलं की त्या खोलीत किती घाईने, किती तुटक शब्दांत बोललं जातं.

माझं ठाम मत आहे की हे आवाज सामन्यादरम्यानच ऐकू यायला हवेत. टीव्हीसमोर बसलेल्याला निदान रेषा दिसतात, समालोचक बोलतो. स्टेडियममध्ये पैसे देऊन, थंडीत उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यात कमी माहिती मिळते, आणि सगळ्यात जास्त जीव त्याचाच टांगणीला लागलेला असतो. २०२३ च्या महिला विश्वचषकात पंच माइकवर, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असा अंतिम निर्णय सांगत होते. पाऊल छोटं आहे, पण दिशा बरोबर आहे. निर्णय का बदलला हे आपल्या कानांनी ऐकलं की माणूस चिडतो, पण फसवला गेल्यासारखं त्याला वाटत नाही.

नॉर्वेत जुलै २०२४ मध्ये रोझेनबोर्ग आणि लिलेस्ट्रॉमच्या सामन्यात पाठीराख्यांनी व्हीएआरच्या निषेधार्थ मैदानावर माशाचे वडे आणि टेनिसचे चेंडू फेकले आणि सामना सोडून द्यावा लागला. शेजारच्या स्वीडनमध्ये क्लबांची मालकी बहुतांशी सभासदांच्या हातात असते. तिथल्या क्लबांनी मतदान करून व्हीएआर नाकारलं. इंग्लंडमध्ये वुल्व्हज या क्लबने व्हीएआर बंद करण्याचा ठराव मांडला, तो जून २०२४ मध्ये १९ विरुद्ध १ मतांनी पडला. ज्या देशात निर्णय पाठीराखे घेतात तिथे उत्तर एक, जिथे मालक घेतात तिथे दुसरं.

त्या एप्रिलच्या रात्रीनंतर टॉटनहॅम अॅमस्टरडॅमला गेलं. तिथे लुकास मौराने भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला तिसरा गोल करून आयॅक्सला बाहेर काढलं. १ जून २०१९ ला माद्रिदमध्ये अंतिम सामना, समोर लिव्हरपूल. खेळ सुरू होऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं. सादिओ मानेने मारलेला चेंडू टॉटनहॅमच्या मुसा सिसोकोच्या छातीला लागला आणि तिथून त्याच्या पसरलेल्या हातावर गेला. स्लोव्हेनियाचे पंच दामिर स्कोमिना यांनी पेनल्टीकडे बोट दाखवलं. पॅरिसमधली ती पेनल्टीही त्यांनीच दिली होती. व्हिडिओ खोलीने चित्रं तपासली, त्यांना उघड चूक दिसली नाही, पंचांना पडद्याकडे बोलावलं गेलं नाही. मोहम्मद सलाहने गोल केला. लिव्हरपूलने सामना २-० असा जिंकला.